सेशन कुणी उघडलं, कुणी बंद केलं?

पायथनमधून एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीने डेटाबेसवर काम करताना येणाऱ्या एररमध्ये एक खोडी असते. ट्रेसबॅक ज्या ओळीकडे बोट दाखवतो, ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष निघते. टेम्प्लेटमध्ये ग्राहकाचं नाव छापायचं असतं आणि तिथेच 'डिटॅच्ड इन्स्टन्स एरर' येऊन आदळतो. त्या ओळीत असतं काय? एका ऑब्जेक्टचं एक अ‍ॅट्रिब्यूट वाचणं, बस्स. मग माणूस अ‍ॅट्रिब्यूटचं स्पेलिंग तपासतो, मॉडेल पुन्हा वाचून काढतो आणि शेवटी कुठेतरी सापडलेला एक पर्याय 'फॉल्स' करून टाकतो. एरर जातो. तो का गेला हे मात्र कळलेलं नसतं, त्यामुळे काही दिवसांनी तोच वेष बदलून परत येतो.

खरं कारण बहुधा आधीच घडून गेलेलं असतं. कुठल्या तरी फंक्शनने सेशन (डेटाबेसशी चाललेल्या कामाची नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट) बंद केलेलं असतं, कुणी मधेच कमिट केलेलं (बदल कायम केलेले) असतं, किंवा एखाद्या ट्राय-एक्सेप्टने पहिला एरर गिळून टाकलेला असतो. म्हणून असा एरर आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हे सेशन कुणी उघडलं आणि ते संपवण्याचा हक्क कुणाचा? ज्या कोडमध्ये याचं उत्तर चटकन देता येत नाही, तिथे पुढे सांगितलेले बहुतेक प्रकार आज ना उद्या घडतात.

एसक्यूएलअल्केमी ही ओआरएम लायब्ररी आहे, म्हणजे टेबलमधल्या रो ती पायथनच्या ऑब्जेक्टच्या रूपात हाताळू देते. माइक बेयर यांची ही लायब्ररी २००६ पासून वापरात आहे आणि तिची २.० आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. इथलं वर्णन २.० ला धरून आहे, १.४ मध्ये काही वेगळं असेल तर तिथे तसं म्हटलं आहे. कोडमधली नावं देवनागरीत सुटी लिहिली आहेत, प्रत्यक्षात अनेक नावांच्या शब्दांमध्ये अंडरस्कोअर असतो.

सेशन म्हणजे कनेक्शन नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथूनच सुरू होतो. सेशन तयार केलं म्हणजे डेटाबेस जोडला गेला, असं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी डेटाबेसला काहीच कळलेलं नसतं. पहिली क्वेरी निघते तेव्हा सेशन इंजिनच्या पूलमधून (तयार कनेक्शनच्या साठ्यातून) एक कनेक्शन उसनं घेतं आणि ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्कं होणारं किंवा एकत्रच रद्द होणारं काम, सुरू होतं. कमिट, रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा क्लोज झालं की ते कनेक्शन पूलमध्ये परत जातं. सेशन ऑब्जेक्ट मात्र तसंच राहतं आणि पुढच्या क्वेरीला पुन्हा कनेक्शन मागतं.

सेशनचं स्वतःचं काम वेगळंच आहे. आपण आणलेले ऑब्जेक्ट कोणते, त्यांतले कोणते बदलले, नवे कोणते आले, कोणते काढायचे आहेत, याची नोंद ते ठेवतं. कच्च्या वहीत सगळं टिपून ठेवावं आणि दिवसअखेर पक्क्या वहीत उतरवावं, तसा हा प्रकार. कच्च्या वहीतली टिपणं डेटाबेसकडे पाठवणं म्हणजे फ्लश, आणि ती कायम करणं म्हणजे कमिट. या दोन्हींमध्ये गल्लत झाली की कोडं पडतं. फ्लश झाल्यावर इन्सर्ट खरोखर निघालेलं असतं, ऑब्जेक्टला प्रायमरी कीसुद्धा मिळालेली असते, पण ट्रान्झॅक्शन अजून उघडंच असतं. दुसऱ्या कनेक्शनवरून टेबल पाहिलं तर तिथे ती रो दिसत नाही. मग "आयडी मिळाला, पण डेटाबेसमध्ये रो नाही" अशी तक्रार होते. यात डेटाबेसचा दोष काहीच नसतो.

सेशनचा आणखी एक नियम असा, की एका सेशनमध्ये एका रोसाठी एकच पायथन ऑब्जेक्ट असतो. याला आयडेंटिटी मॅप म्हणतात. सात नंबरचा ग्राहक तुम्ही तीन वेगवेगळ्या क्वेरींनी आणला, तरी तिन्ही ठिकाणी हाती येतो तो एकच ऑब्जेक्ट. हे फार सोयीचं आहे, पण याची एक बाजू पुष्कळांना चकवते. दरम्यान दुसऱ्या कुणी ती रो बदलली आणि तुम्ही पुन्हा क्वेरी केली, तर एसक्यूएल खरोखर चालतं, लॉगमध्ये सिलेक्ट दिसतं, आणि तरीही ऑब्जेक्टमधली जुनी किंमत तशीच राहते. आधीच भरलेली अ‍ॅट्रिब्यूट्स सेशन आपणहून पुसत नाही. क्वेरी चालली म्हणजे डेटा ताजा झाला हे गृहीत धरून माणसं तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतात. ताजी किंमत हवी असेल तर त्या ऑब्जेक्टला रिफ्रेश करावं लागतं, किंवा क्वेरीला 'पॉप्युलेट एक्झिस्टिंग' सांगावं लागतं.

आणि तेवढ्यानेही भागेलच असं नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीची डिफॉल्ट आयसोलेशन पातळी (एका ट्रान्झॅक्शनला इतरांचे बदल किती दिसावेत हे ठरवणारी) 'रिपीटेबल रीड' आहे. म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये पहिल्यांदा वाचलं त्या क्षणाचंच चित्र शेवटपर्यंत दिसत राहणार. तिथे रिफ्रेश करूनही जुनीच रो येईल. ट्रान्झॅक्शन संपवून नवं सुरू करावं लागेल. पोस्टग्रेएसक्यूएलचं डिफॉल्ट 'रीड कमिटेड' असल्यामुळे तिथे रिफ्रेश पुरतं. सतत चालू राहणाऱ्या वर्कर प्रोसेसमध्ये सुरुवातीला एक सेशन उघडून तेच वापरत राहिल्यावर "सर्व्हर रीस्टार्ट केला की बरोबर दिसतं" हा जो अनुभव येतो, त्यामागे या दोनपैकी एक कारण हमखास असतं.

डिटॅच्ड: दोन वेगळे आजार, एकच नाव

एसक्यूएलअल्केमीत ऑब्जेक्टच्या पाच अवस्था आहेत. नुसता तयार केला, सेशनला माहीत नाही, तो ट्रान्झियंट. सेशनला दिला पण इन्सर्ट व्हायचा आहे, तो पेंडिंग. डेटाबेसमधली रो आणि सेशन दोन्हींशी जोडलेला तो पर्सिस्टंट. डिलीट फ्लश झालं पण कमिट व्हायचं आहे, तो डिलीटेड. आणि रो आहे पण सेशनचा हात सुटला, तो डिटॅच्ड. कुठला ऑब्जेक्ट कुठल्या अवस्थेत आहे हे ओळखायला अंदाज बांधायची गरज नाही. 'इन्स्पेक्ट' फंक्शनला ऑब्जेक्ट दिला की त्याच्यावर याच नावांचे खरे-खोटे गुणधर्म मिळतात. डीबगरमध्ये थांबून ही एक ओळ चालवणं हे दहा प्रिंट टाकण्यापेक्षा बरं.

'डिटॅच्ड इन्स्टन्स एरर'चा मजकूर बहुतेक जण पुरता वाचत नाहीत. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

एका प्रकारात मजकूर म्हणतो की ऑब्जेक्ट सेशनशी बांधलेला नाही, त्यामुळे अ‍ॅट्रिब्यूट रिफ्रेश करता येत नाही. इथे कमिट कारणीभूत असतं. कमिट होताच सेशन आपल्याकडच्या सगळ्या ऑब्जेक्टची अ‍ॅट्रिब्यूट्स शिळी ठरवतं. 'एक्स्पायर ऑन कमिट' हा पर्याय डिफॉल्ट चालू असतो. विचार साधा आहे: ट्रान्झॅक्शन संपलं, आता त्या रोचं बाहेर काय होईल ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा पुढच्या वेळी विचारलं की नव्याने आणू. पण नव्याने आणायला सेशन लागतं. ते बंद झालेलं असेल तर साधं नाव वाचतानाही एरर येतो. फंक्शनने ऑर्डर सेव्ह केली, कमिट केलं, सेशन बंद करून ऑर्डर परत दिली आणि बाहेरच्या कोडने तिचा नंबर विचारला, हा याचा नेहमीचा नमुना.

दुसऱ्या प्रकारात मजकूर म्हणतो की लेझी लोड करता येत नाही, आणि पुढे रिलेशनशिपचं (एका ऑब्जेक्टचा दुसऱ्याशी असलेल्या दुव्याचं) नावही देतो. इथे कमिटचा संबंध नसतो. ग्राहक आणला, त्याच्या ऑर्डर तेव्हा आणल्या नाहीत, कारण त्या लागतील तेव्हा आणायच्या असा डिफॉल्ट आहे. लागल्या तेव्हा सेशन उरलं नव्हतं.

पहिल्या आजारावर 'एक्स्पायर ऑन कमिट' बंद करणं हा उपाय चालतो. वेबच्या छोट्या रिक्वेस्टमध्ये मला तो गैरही वाटत नाही, कारण रिक्वेस्ट संपली की ऑब्जेक्टही संपतात. दुसऱ्या आजारावर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तरीही तोच सर्रास सुचवला जातो. दुसऱ्यासाठी लागणारा डेटा आधीच मागवावा लागतो. कलेक्शनसाठी 'सिलेक्टइनलोड' वापरा. ते सगळ्या ग्राहकांच्या ऑर्डर एका जादा क्वेरीत आणतं. एकाच पालकाकडे जाणाऱ्या रिलेशनशिपसाठी 'जॉइंडलोड' बरा. जॉइंडलोड कलेक्शनवर लावला तर २.० च्या पद्धतीच्या क्वेरीत निकालावर 'युनिक' लावावंच लागतं, नाहीतर तसा एरर मिळतो; जॉइनमुळे एकाच ग्राहकाच्या अनेक ओळी येतात म्हणून ही सक्ती आहे.

एक तिसरा मार्ग आहे आणि मोठ्या कोडबेसमध्ये मला तोच पसंत आहे. सेशनच्या हद्दीबाहेर ओआरएमचे ऑब्जेक्ट जाऊच द्यायचे नाहीत. सेशन चालू असतानाच हवी ती माहिती साध्या डेटाक्लासमध्ये किंवा डिक्शनरीत उतरवायची आणि ती बाहेर द्यायची. काम थोडं वाढतं, पण डिटॅच्डचा प्रश्नच उरत नाही. शिवाय रिलेशनशिपवर लेझीऐवजी 'रेज' लावून ठेवलं तर न मागवलेलं रिलेशन वाचताक्षणी एरर येतो, सेशन चालू असतानासुद्धा. त्यामुळे शंभर ग्राहकांसाठी शंभर जादा सिलेक्ट निघण्याचा जो छुपा मंदपणा असतो, तोही डेव्हलपमेंटमध्येच पकडला जातो.

सेशन मुद्दाम उघडंच ठेवणं हाही उपाय म्हणून सांगितला जातो. तो करू नका. त्याची किंमत पुढे पूलमध्ये मोजावी लागते.

गिळलेला पहिला एरर

'पेंडिंग रोलबॅक एरर' सांगतो की आधीच्या फ्लशमध्ये एरर आल्यामुळे या सेशनचं ट्रान्झॅक्शन मागे घेतलं गेलं आहे, आधी रोलबॅक करा. मजकूर स्वच्छ आहे, तरी लोक हा एरर जिथे आला तिथेच रोलबॅक टाकतात. 'आधीच्या' हा त्यातला कळीचा शब्द आहे. खाली मूळ एररचा मजकूरही छापलेला असतो. तो युनिक कन्स्ट्रेंटचा असेल, नॉट नलचा असेल. तो पहिल्यांदा आला तेव्हा कुणीतरी पकडला, फारतर लॉगमध्ये टाकला, आणि सेशनला न सांगता काम पुढे चालू ठेवलं.

सेशन आपणहून सावरून पुढे का जात नाही, असा प्रश्न पडतो. समजा एका कामात तुम्ही आधी खात्यातून रक्कम वजा केली, मग नोंद लिहिताना एरर आला. फ्लश फसल्यामुळे सेशनने पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतलं, म्हणजे वजाबाकीही गेली. सेशनने हे न सांगता पुढची विधानं नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालवली असती तर तुमच्या कोडला वाटलं असतं की वजाबाकी अजून आहे. म्हणून सेशन अडून बसतं आणि "मागचं गेलं हे मला कळलं" असं तुमच्याकडून रोलबॅकच्या रूपात कबूल करून घेतं. हा हट्ट मला पूर्ण पटतो.

पोस्टग्रेएसक्यूएलवर याचाच एक चुलतभाऊ भेटतो. फ्लशमधून नव्हे तर तुम्ही थेट चालवलेल्या विधानातून एरर आला, तर सेशन स्वतः काही मागे घेत नाही, पण डेटाबेस ट्रान्झॅक्शन बाद ठरवतो आणि पुढच्या प्रत्येक विधानाला "ट्रान्झॅक्शन बाद झालं आहे, ते संपेपर्यंत आज्ञा दुर्लक्षित होतील" असं उत्तर देतो. औषध तेच: लॉगमध्ये वर जाऊन पहिला एरर शोधा.

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो फाइलमधून डेटा भरताना. हजार ओळी आहेत, त्यातल्या दोन-चार आधीच टेबलमध्ये आहेत, त्या सोडून बाकीच्या भरायच्या आहेत. लूपमध्ये ट्राय-एक्सेप्ट लावून एक्सेप्टमध्ये रोलबॅक केलं, तर एरर थांबतो पण आतापर्यंत फ्लश झालेल्या सगळ्या ओळीही जातात. शेवटी कमिट यशस्वी होतं आणि टेबलमध्ये मात्र शेवटच्या एररनंतरच्याच ओळी सापडतात. इथे सेव्हपॉइंट, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या आतला परतीचा टप्पा, हवा. 'बिगिन नेस्टेड' हा विथ-ब्लॉक प्रत्येक ओळीभोवती लावला की बिघडलेली ओळ तेवढी मागे जाते. एक बारकावा: ट्राय बाहेर आणि विथ आत असला पाहिजे. उलटं केलं तर एरर विथच्या आतच पकडला जातो, ब्लॉकला कळतच नाही की काही बिघडलं, आणि सेव्हपॉइंट मागे घेतला जाईलच याची खात्री राहत नाही. ओळी फार असतील तर प्रत्येकीला सेव्हपॉइंट महाग पडतो. मग पोस्टग्रेएसक्यूएलचं 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' वापरून काम डेटाबेसवरच सोपवावं.

ऑटोफ्लश हेसुद्धा याच घरातलं. प्रत्येक क्वेरीआधी सेशन बाकी राहिलेले बदल आपणहून पाठवतं, जेणेकरून क्वेरीला ते दिसावेत. त्यामुळे साध्या सिलेक्टवर "या कॉलमला नल चालत नाही" असा इन्सर्टचा एरर येतो आणि वाचणारा चक्रावतो. घडलेलं असं असतं: ऑर्डर तयार केली, ग्राहकाच्या ऑर्डरच्या यादीत टाकली, मग किंमत शोधायला दुसरी क्वेरी केली. ग्राहक सेशनमध्ये असल्यामुळे ऑर्डरही 'अ‍ॅड' न करता सेशनमध्ये ओढली गेली, आणि अर्धवट भरलेली असतानाच रवाना झाली. १.४ मध्ये उलट दिशेने, म्हणजे ऑर्डरला ग्राहक नेमून दिला तरी असंच व्हायचं, २.० मध्ये त्या दिशेचं ओढणं बंद झालं. एररच्या मजकुरात 'नो ऑटोफ्लश' ब्लॉक सुचवलेला असतो आणि तो चालतोही, पण लागणाऱ्या क्वेरी आधी करून घ्याव्यात आणि ऑब्जेक्ट शेवटी बांधावा, हे जास्त सरळ.

एक सेशन, अनेक हात

सेशन थ्रेडसेफ नाही. एकाच वेळी दोन थ्रेडनी वापरलं तर जे एरर येतात त्यांना काही तर्क नसतो: कधी कनेक्शन मधेच बंद, कधी एकाचे बदल दुसऱ्याच्या कमिटमध्ये. मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर एक ग्लोबल सेशन तयार करून सगळीकडे इंपोर्ट केलं असेल तर आणखी शोधायची गरज नाही, तेच कारण. इंजिन सगळ्यांत मिळून एक असावं, सेशन प्रत्येक कामाला वेगळं. वेबमध्ये काम म्हणजे एक रिक्वेस्ट. 'स्कोप्ड सेशन' प्रत्येक थ्रेडला आपलं सेशन देतं, पण काम संपल्यावर 'रिमूव्ह' करायचं विसरलं तर त्याच थ्रेडवर येणाऱ्या पुढच्या रिक्वेस्टला आधीचं उष्टं सेशन मिळतं.

बॅकग्राउंड टास्कला ओआरएमचा ऑब्जेक्ट देऊ नका, त्याचा आयडी द्या. टास्कने आपलं सेशन उघडावं आणि रो आणावी. ऑब्जेक्ट दिला तर "हा आधीच दुसऱ्या सेशनशी जोडलेला आहे" किंवा डिटॅच्ड, दोन्हीपैकी काहीतरी पुढ्यात येतं. आणि टास्क रांगेत टाकायचा तो कमिट झाल्यावरच. आधी टाकला आणि वर्कर चपळ निघाला, तर त्याला रो सापडत नाही. हा बग फक्त कधीकधीच दिसतो, म्हणून जास्त छळतो.

असिंकमध्ये (एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालणाऱ्या कोडमध्ये) नियम तोच, फक्त थ्रेडच्या जागी टास्क. एकच असिंक सेशन 'गॅदर'मध्ये चार कामांना वाटून दिलं तर एकाच वेळी अनेक कामं चालणार नाहीत असं सांगणारा एरर मिळतो. कामांना वेगवेगळी सेशन द्या, नाहीतर एकामागून एक करा.

असिंकमधला दुसरा, अधिक कुप्रसिद्ध एरर म्हणजे 'मिसिंग ग्रीनलेट'. नाव वाचून वाटतं की काहीतरी इन्स्टॉल करायचं राहिलं. बहुतेक वेळा प्रकरण वर सांगितलेलंच असतं. तुम्ही न आणलेलं रिलेशन वाचलं किंवा कमिटनंतर शिळं झालेलं अ‍ॅट्रिब्यूट वाचलं. ते आणायला डेटाबेसकडे जावं लागतं, आणि साध्या अ‍ॅट्रिब्यूट वाचण्यात 'अवेट' लिहायला जागाच नाही. म्हणून असिंक सेशनसाठी 'एक्स्पायर ऑन कमिट' बंद ठेवणं हीच शिफारस आहे, आणि रिलेशन आधी सिलेक्टइनलोडने आणावं किंवा 'अवेट' लावून त्या नावासकट रिफ्रेश करावं. हा एरर पुष्कळदा रिस्पॉन्स बनवताना येतो, कारण ऑब्जेक्टचं जेसनमध्ये रूपांतर करणारा कोड सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स वाचून काढतो, तुम्हाला नको असलेलीसुद्धा.

पूल आटतो तेव्हा

डिफॉल्ट पूलमध्ये ५ कनेक्शन राहतात आणि गरज पडली तर वर १० मिळतात. पंधराही बाहेर गेली की सोळावा मागणारा ३० सेकंद थांबतो आणि मग टाइमआउटचा एरर येतो. पहिली प्रतिक्रिया आकडा वाढवण्याची असते. पण ट्रॅफिक थोडं आणि तरी पूल आटला, तर कनेक्शन परत येत नाहीत असा त्याचा अर्थ. आकडा वाढवून एरर फक्त लांबणीवर पडतो. शिवाय पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. आठ वर्कर प्रोसेस म्हणजे १२० कनेक्शनपर्यंत मजल, आणि पोस्टग्रेएसक्यूएलची डिफॉल्ट मर्यादा १०० आहे.

कनेक्शन अडकतात कुठे? सेशन बंद न करणं हे उघड कारण. न दिसणारं कारण असं: कमिट केलं, कनेक्शन परत गेलं, आणि पुढच्या ओळीत लॉगसाठी ऑर्डरचा नंबर वाचला. तो शिळा झालेला होता, म्हणून नवं सिलेक्ट, नवं ट्रान्झॅक्शन, पुन्हा कनेक्शन. त्यानंतर बाहेरच्या एखाद्या एपीआयला दहा सेकंदांचा कॉल. ते दहा सेकंद एक कनेक्शन काहीही न करता धरून ठेवलेलं असतं. पोस्टग्रेएसक्यूएलच्या 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी' या व्ह्यूमध्ये असं कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून दिसतं आणि शेवटची क्वेरीही तिथेच वाचता येते. त्या क्वेरीवरून कोडमधली जागा सहसा पाच मिनिटांत सापडते.

याच्या उलट प्रकार म्हणजे पूलमध्ये पडून राहिलेलं कनेक्शन मेलेलं निघणं. मायएसक्यूएल डिफॉल्टने २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निवांत असलेलं कनेक्शन तोडतो. रात्री कुणी वापरलं नाही तर सकाळची पहिली रिक्वेस्ट "सर्व्हर निघून गेला" म्हणत पडते. 'पूल प्री पिंग' चालू केलं की कनेक्शन हातात देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासलं जातं. मात्र ट्रान्झॅक्शन चालू असताना कनेक्शन तुटलं तर त्याने वाचत नाही. ते पूर्ण कामच पुन्हा करावं लागतं. आणि प्रोसेस फोर्क होत असेल (स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करत असेल) तर प्रत्येक नव्या प्रोसेसने सुरुवातीलाच इंजिनवर 'डिस्पोज' करावं, 'क्लोज'ला फॉल्स देऊन, म्हणजे पालक प्रोसेसची कनेक्शन न तोडता नवा पूल मिळतो. नाहीतर दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर बोलतात आणि उत्तरांची अदलाबदल होते.

एररच येत नाही

हे सगळ्यात वाईट. कोड सुरळीत चालतो आणि डेटा साठत नाही. बहुतेकदा कमिट राहिलेलं असतं: सेशनचा साधा विथ-ब्लॉक संपताना सेशन फक्त बंद करतो, कमिट करत नाही. कमिटही हवं असेल तर सेशनमेकरवर 'बिगिन' वापरून ब्लॉक उघडावा; तो नीट संपला तर कमिट, एरर आला तर रोलबॅक.

कमिट आहे आणि तरीही बदल गेला, तर तो कॉलम जेसनचा आहे का पाहा. ग्राहकाच्या सेटिंगच्या डिक्शनरीत एक की बदलली, तर सेशनच्या दृष्टीने डिक्शनरी तीच आहे, काही बदललं नाही, म्हणून अपडेटच निघत नाही. कॉलमला 'म्युटेबल डिक्ट' लावला की वरच्या पातळीवरचे बदल कळतात. आतल्या डिक्शनरीतले तरीही कळत नाहीत. तिथे 'फ्लॅग मॉडिफाइड' करावं किंवा पूर्ण नवी डिक्शनरी नेमावी.

टेस्टमध्ये मेमरीतला एसक्यूलाइट वापरताना "असं टेबलच नाही" म्हणून एरर आला, तर मायग्रेशन तपासू नका. तिथे प्रत्येक थ्रेडला वेगळं कनेक्शन मिळतं आणि प्रत्येक कनेक्शनचा मेमरीतला डेटाबेस वेगळा, रिकामा. एकच कनेक्शन सगळ्यांना देणारा 'स्टॅटिक पूल' लावला आणि एसक्यूलाइटची थ्रेड-तपासणी बंद केली की टेबल सापडतं.

या सगळ्यांत हाताशी असावं असं साधन म्हणजे इंजिनचा 'एको', चाललेलं एसक्यूएल लॉगमध्ये दाखवणारा पर्याय. तो चालू केल्यावर लोक फक्त एसक्यूएल वाचतात. त्यापेक्षा बिगिन, कमिट आणि रोलबॅक या ओळी वाचा; सेशनची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्या सांगतात. एका रिक्वेस्टमध्ये तीन बिगिन दिसले तर कुणीतरी मधे कमिट करतंय. कमिटनंतर अनपेक्षित बिगिन आणि एकाच रोचं सिलेक्ट दिसलं तर शिळं अ‍ॅट्रिब्यूट वाचलं गेलं. फक्त वाचन करणाऱ्या कामाच्या शेवटी रोलबॅक दिसला तर घाबरू नका. कमिट न करता सेशन बंद केलं की तो येतोच.

जँगो या वेब फ्रेमवर्कवरून इथे येणाऱ्यांना हे सारं जास्तच जाचतं, कारण जँगोच्या ओआरएममध्ये सेशनच नाही. तिथे एकच रो दोनदा आणली तर दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट मिळतात, आणि 'सेव्ह' डिफॉल्टने सगळे कॉलम लिहितो. त्यामुळे डिटॅच्डचा त्रास नाही, पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांचे बदल निमूटपणे पुसून टाकू शकतात. 'अपडेट फील्ड्स' (ठरावीक कॉलमच लिहिणं) आणि 'एफ' एक्स्प्रेशन (हिशेब डेटाबेसमध्येच करणं) त्यासाठीच आहेत. गिळलेल्या एररचं दुखणं मात्र तिथेही तसंच आहे. 'अ‍ॅटॉमिक' ब्लॉकच्या आत डेटाबेसचा एरर पकडून पुढे क्वेरी केली की 'ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर' येतो, आणि तिथलाही उपाय ट्राय बाहेर, अ‍ॅटॉमिक आत हाच आहे.